अर्धी भिंत तुमची, अर्धी आमची

चेअरमननी घोषणा केली ती गॅलरीत, इथंच सगळं चुकलं. घरात दुसरी जागा नव्हती का? स्वयंपाकघर होतं, झोपायची खोली होती, अगदीच राहवलं नाही तर जिना होता. पण माणसाला शौर्य सुचतं ते नेमकं शेजारीपाजारी ऐकत असताना.

"हात्तिच्या! एवढंच ना?" ते बायकोला म्हणाले. "मागच्या भिंतीला दार पाडून देतो. शाळा सुरू व्हायच्या आत. शब्द आहे माझा!"

बायकोनं दोरीवरचा टॉवेल झटकला. "न्हाणीघराच्या कडीचाही शब्दच होता. अजून आंघोळीला जाणाऱ्याला आतून गाणं म्हणावं लागतं."

वरच्या गॅलरीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. झालं! आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

चेअरमनबद्दल थोडं सांगायला हवं. थोडंच, कारण जास्त काही नाही. विमा कंपनीत नोकरी, चष्मा, एक लेक, एक स्कूटर. सोसायटीचे चेअरमन ते एका उन्हाळ्यापुरतेच होते. पाण्याच्या पंपावरून वाद झाला आणि त्यांनी बाणेदारपणे राजीनामा दिला, जो लोकांनी त्याहून बाणेदारपणे लगेच मंजूर केला. पद गेलं, नाव मात्र नव्या भांड्यावरच्या कागदासारखं चिकटून राहिलं. सध्याच्या चेअरमनना लोक 'अहो, ते हे' म्हणायचे.

आता भिंतीचं. त्यांचं शहर वाढत होतं म्हणजे किती वाढत होतं? सकाळी कामाला गेलेल्या माणसाला संध्याकाळी परतीच्या वाटेवर नवी इमारत आडवी यायची. जो येई तो आधी कुंपण घाली, मग इमारत बांधी आणि रस्त्याचं नंतर बघू म्हणे. चेअरमनच्या सोसायटीमागे अशीच एक उंच भिंत होती. भिंतीपलीकडे जुनी कॉलनी, आणि कॉलनीत शाळा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचा वरचा मजला इतका जवळ दिसायचा की कुठला मास्तर पोरांकडं पाठ करून जांभई देतो तेही कळायचं. पण तिथं जायचं तर? गेटबाहेर पडा, मोठ्या रस्त्याला लागा, अर्धवट पुलाच्या खालून वळसा घ्या, दुसरी बस पकडा, आणि मग 'अरे, आपण तर आपल्याच घराच्या मागे आलो' असं म्हणा.

त्या शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली होती. चेअरमनच्या बायकोनं लग्नाआधी ग्रंथालयाचंच शिक्षण घेतलं होतं आणि आजवर ते सगळं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर वापरलं होतं. डबे विषयवार, विषयांत अक्षरवार. मुलाखतीला ती गेली. मुख्याध्यापिकाबाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "शाळा सकाळची. सोमवारी शाळा उघडेल तेव्हा पहिल्या तासाला हजर झालात तर जागा तुमची. नाहीतर दुसऱ्या बाई यादीत आहेत." आणि चेअरमनच्या भागातली पहिली बस सुटायची तीच मुळी पहिला तास संपल्यावर. रोज रिक्षा करायची तर पगार रिक्षावाल्यालाच मिळाला असता, तिनं नुसती सही केली असती.

ती घरी आली आणि तिनं डबे पुन्हा लावायला घेतले. आधीच नीट लागलेले डबे. लेकीनं बापाकडं बघितलं. "बाबा, काहीतरी करा. ती आता फ्रीज उघडतेय."

म्हणून ती घोषणा.

संध्याकाळपर्यंत बातमी पार्किंगमध्ये पोचली आणि चेअरमनच्या आधी सल्ले खाली उतरून उभे राहिले. पहिले धरणकाका. हे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आयुष्यभर पाणी अडवलेलं. त्यामुळं कुठलंही भोक बघितलं की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं.

"भिंतीला भोक पाडलं की दाब येतो," ते म्हणाले.

"कसला दाब?"

"तो नंतर कळतो."

मग शंकाकाकू. यांचं खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागत असेल. "आणि चोर? चोर नाही का येणार त्या दारातून?"

"काकू," लेक म्हणाली, "चोर आत्ताही मेन गेटमधून येऊ शकतो. वॉचमन झोपलेलाच असतो."

"म्हणून त्याला दुसरं दार द्यायचं? उद्या म्हणशील चहा पण ठेवा!"

सेक्रेटरी मात्र शांत होते. सेक्रेटरींना जगातली प्रत्येक गोष्ट ठरावानं सुटते असं वाटे. त्यांनी तिथल्या तिथं तीन ठराव सुचवले: दाराला दोन कुलपं लावावीत, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे ठेवाव्यात, आणि दार शक्यतो उघडू नये.

"मग ते भिंतच झालं की!" चेअरमन म्हणाले.

"पण ठरावानं झालेली," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून चेअरमन महापालिकेत गेले. बांधकाम परवानगीच्या खिडकीवर एक गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं, पेन कानावर ठेवलं आणि म्हणाले, "भिंत बांधायचा अर्ज आहे. भिंत उंच करायचा आहे. भिंत पाडायचा आहे. भोकाचा नाही."

"भोक नाही हो, दार."

"दार इमारतीला असतं. भिंतीला असतं ते भोक."

चेअरमनच्या अभिमानाला ठेच लागली. एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि शहराच्या दृष्टीनं तो भोकाचा अर्जदार! ते या खिडकीतून त्या खिडकीत, त्या खिडकीतून वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरून पुन्हा त्याच गृहस्थांपुढे आले. तोवर दोघांची इतकी ओळख झाली होती की गृहस्थांनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"एक करा," ते हळूच म्हणाले. "दुरुस्तीची परवानगी घ्या. दुरुस्तीसाठी भिंत उघडावी लागतेच. ती परत कधी लावायची, ते नियमात कुठंच नाही."

चेअरमन परवानगी घेऊन घरी आले ते लढाई जिंकल्यासारखे. बायकोनं विचारलं, "आणि पलीकडच्यांना विचारलंत?"

हे राहिलंच होतं.

पलीकडच्या कॉलनीचा कारभार डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. या दातांच्या डॉक्टर, निवृत्त. पण समोरच्यानं तोंड उघडलं की त्या आधी आत बघायच्या आणि मग ऐकायच्या. फोनवर त्यांना ते जमत नसल्यामुळं त्या जरा जास्तच कडक बोलायच्या.

"दार हवंय? आम्हालाही हवंय! आमच्या म्हाताऱ्या माणसांना तुमच्याकडची दुकानं दिसतात, गाठता येत नाहीत. फोडते मी भिंत."

"अहो, तुम्ही कशाला? भिंत आमची आहे. आम्ही फोडतो."

"तुमची? मी स्वतः उन्हात उभी राहून विटा उतरवून घेतल्यात!"

"बाई, आमच्या वर्गणीतून बांधलीय ती. आमच्या सेक्रेटरींनी ठराव केला होता."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही. पण मग मी खोटं बोलतोय का?"

खरं तर एकाच भिंतीला दोन आया निघाल्यावर एखाद्यानं जाऊन बघितलं असतं की हे बाळ एकच आहे ना. पण भिंत होती उंच, वर दोन्ही बाजूंच्या वेली आणि झाडं एकमेकांत गुंतून जाड हिरवी गोधडी झालेली. वरच्या मजल्यावरूनसुद्धा तिच्याखालचं काही दिसायचं नाही. शिवाय बघायला गेलं तर आपला संशय आहे असं दिसतं. सभ्य माणसं असं करत नाहीत. सभ्य माणसं मध्यस्थ शोधतात.

मध्यस्थ धरणकाका झाले. बोगदा हा शब्द सुचल्यापासून त्यांचा दाब उतरला होता. "डोंगरात बोगदा काढताना दोन्हीकडून सुरुवात करतात. मध्ये गाठ पडते. अर्धी भिंत त्यांनी फोडायची, अर्धी आपण. मान दोघांचा!"

"साहेब," कामासाठी बोलावलेला गवंडी म्हणाला, "भिंत एका विटेची आहे."

"मग तू अर्धीच वीट फोड."

गवंडी हातोडीकडं बघत राहिला. पण फोनवर डॉक्टरीणबाईंना ही कल्पना फारच आवडली. गुरुवारी सुट्टी होती, तो दिवस ठरला. जागाही ठरली: दिव्याच्या खांबासमोर. "खांबासमोर ना? मग चुकायचं कारणच नाही," चेअरमन म्हणाले. आणि दोन्हीकडं दिव्याचे खांब आहेत, हे दोघांनाही सुचलं नाही, कारण दिव्याचा खांब म्हटल्यावर माणसाला आपलाच आठवतो.

गुरुवारी सगळी सोसायटी खुर्च्या घेऊन भिंतीपाशी जमली. गवंड्यानं पहिला घाव घातला. अर्धी वीट. मग उरलेली अर्धीही आपोआप पडली, कारण विटेला मानापमान कळत नाही. भगदाड मोठं झालं. धूळ बसली. सगळे पुढं वाकले.

भिंतीमागं भिंत होती.

शंकाकाकू म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?"

"तुम्ही चोरांबद्दल म्हणाला होतात!"

तेवढ्यात चेअरमनचा फोन वाजला. "अहो, ही काय चेष्टा आहे?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "मी भिंत फोडून आरपार आलेय. समोर आणखी भिंत!"

"मीसुद्धा आरपार आलोय!"

"मग तुम्ही दिसत का नाही?"

"तुम्ही का दिसत नाही?"

"मी खांबासमोर आहे!"

"मीच खांबासमोर आहे!"

आता मागं हटणं म्हणजे कायमची नाचक्की. चेअरमननी चष्मा घट्ट केला आणि भगदाडातून आत पाय टाकला. "जपून," बायको म्हणाली. ऐन वेळी ती एवढंच म्हणाली, पण त्यात कडीचा उल्लेख नव्हता, आणि त्यामुळं चेअरमनना फार बळ आलं.

दोन भिंतींच्या मधोमध एक बोळ होता. हात पसरले तर दोन्हीकडं टेकतील एवढाच रुंद, वर पानांचं छप्पर, आत हिरवट अंधार. आणि खाली? खाली चेंडू! रबरी चेंडू, टेनिसचे चेंडू, फुटके, फुगलेले, रंग उडालेले, शेकडो. शिवाय बॅडमिंटनची फुलं, चिमटे, एक पतलून. इकडची पोरं वर्षानुवर्षं म्हणत आली होती की तिकडची पोरं चेंडू ढापतात; तिकडची पोरं म्हणायची इकडची. दोन पिढ्यांचं वैर त्या बोळात शांतपणे गवतात पडलेलं होतं. एका वेलीला अडकलेली फुलाफुलांची चादर बघून चेअरमननी ती बाहेर दिली, तेव्हा शंकाकाकू किंचाळल्या, "माझी! हीच ती चोरीला गेलेली!" आणि मग जरा विचार करून गप्प बसल्या. त्यांच्या आयुष्यातली एक शंका त्या दिवशी कमी झाली.

बोळात पुढं, बऱ्याच अंतरावर, पलीकडच्या भिंतीतून एक बारीक उजेड आला. दात तपासायची छोटी बॅटरी हातात घेऊन डॉक्टरीणबाई आत येत होत्या.

"चेअरमन?"

"डॉक्टरीणबाई?"

"तोंड उघडं ठेवू नका, कोळी जातील," बाई म्हणाल्या. मग दोघांनी एकदा या भिंतीकडं बघितलं, एकदा त्या भिंतीकडं, आणि पोट धरून हसत सुटले. बाईंच्या विटाही खऱ्या होत्या आणि सेक्रेटरींचा ठरावही. भिंतीच दोन होत्या!

या घटकेला गोष्ट संपायला हवी होती. दोन भगदाडं, मधून वाट, इकडून शिरा, बोळातून चाला, तिकडून निघा. शाळा पाच मिनिटांवर. पण मध्यमवर्गात कुठलीही गोष्ट सभेशिवाय संपत नाही.

सभेत सेक्रेटरींनी एकच प्रश्न विचारला. "मधली जागा कोणाची?"

कोणालाच माहीत नव्हतं. आणि जी जागा कोणाची ते माहीत नाही तिच्यावर पाय ठेवायचा म्हणजे उद्या कोर्ट, कचेऱ्या, दंड! ठराव झाला: शनिवारी दुपारपर्यंत भगदाड बुजवावं. डॉक्टरीणबाईंच्या कॉलनीतही तसंच ठरलं. घाबरण्यात दोन्ही सोसायट्यांचं आधीपासूनच एकमत असायचं.

त्या संध्याकाळी बायकोनं शाळेसाठी इस्त्री करून ठेवलेली साडी घडी मोडू न देता कपाटात परत ठेवली. "जाऊ दे हो," ती म्हणाली. "तुम्ही केलंत तेवढं खूप झालं." चेअरमनना वाटलं, हिनं कडीवरून टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी ते पुन्हा महापालिकेत. कानावर पेन ठेवणाऱ्या गृहस्थांनी या वेळी खुर्ची दिली नाही, थेट नगररचना खात्यात नेलं. तिथल्या अधिकारीबाईंपुढं नकाशांची एवढी चळत होती की बाई आधी दिसल्याच नाहीत, नुसता आवाज आला. "काय हवंय?"

"बाई, दोन सोसायट्यांच्या भिंतींमध्ये एक बोळ सापडलाय. तो कोणाचा?"

चळतीमागून डोकं वर आलं. "कुठं?"

चेअरमननी जागा सांगितली. बाईंनी एक नकाशा ओढला, त्याच्यासोबत आणखी चार जमिनीवर पडले. बोट फिरलं, थांबलं. "सापडला!" बाई ओरडल्या, आणि शेजारच्या टेबलावरचे सगळे उठून आले. "अहो, हा रस्ता आहे! मोठा, गाड्या जाणारा. नकाशात कधीपासून आहे. दर वर्षी वरून विचारतात, हा रस्ता गेला कुठे? आम्ही दर वर्षी लिहितो, शोध चालू आहे."

"पण तो तर एवढासाच आहे," चेअरमननी हात पसरून दाखवलं.

बाईंनी नकाशाकडं बघितलं, मग त्यांच्या हातांकडं. "म्हणजे उरलेला रस्ता तुम्ही दोघांनी मिळून खाल्लाय."

दार मागायला आलेला माणूस भिंत गमावून घरी जाणार! त्यांना डोळ्यांपुढं सेक्रेटरी दिसले, धरणकाका दिसले, आपण स्कूटरला बिस्तरा बांधून शहर सोडून जातोय तेही दिसलं. पण थापा मारायचा त्यांना सराव नव्हता. त्यांनी सगळं खरंखरं सांगितलं: शाळा, बायको, सोमवार, गॅलरी. कडीसुद्धा.

अधिकारीबाई ऐकत राहिल्या. "उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "कोणाला काही बुजवू देऊ नका. मी येईपर्यंत भगदाडात बसून राहा हवं तर."

चेअरमननी हे शब्दशः घेतलं. शनिवारी सकाळी सेक्रेटरी गवंड्याला घेऊन आले तेव्हा ते भगदाडात वर्तमानपत्र वाचत बसले होते. पलीकडच्या भगदाडात डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, कारण फोनवर त्यांनी ऐकलं होतं आणि त्या मागं राहणाऱ्यातल्या नव्हत्या.

अधिकारीबाई आल्या, बोळात फिरल्या, दोन चेंडू पोरांकडं टाकले आणि बाहेर येऊन सेक्रेटरींना म्हणाल्या, "हा महापालिकेचा रस्ता आहे. तुमची भिंत त्यात आलीय, त्यांचीही आलीय. भिंती मागं घ्यायचं बघू, त्याला वेळ लागेल. तोवर हा बोळ पायवाट म्हणून उघडा राहील. चालेल? की आत्ताच भिंत पाडायचा अर्ज देऊ? तो आहे आमच्याकडे."

"चालेल, चालेल!" सेक्रेटरी म्हणाले. ठराव न करता त्यांनी दिलेला तो पहिलाच होकार. "फक्त दार आणि कुलूप..."

"रस्त्याला कुलूप?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

रविवारभर दोन्हीकडची माणसं बोळ साफ करत होती. धरणकाकांनी पाणी तुंबू नये म्हणून आपल्या हातानं एक चर काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याला जाऊ दिलं. पोरांनी चेंडूंची वाटणी केली आणि वाटणीवरून नवं भांडण सुरू केलं, पण या वेळी समोरासमोर.

सोमवारी सकाळी चेअरमनची बायको ती साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून निघाली. चेअरमन आणि लेक भगदाडापर्यंत सोडायला गेले. आणि बघतात तर काय, बोळात गर्दी! पलीकडून दूध आणायला निघालेले आजोबा, इकडून पलीकडच्या बागेत फिरायला निघालेल्या बायका. लोकांना रस्ता सापडला की भूक लागल्यासारखं होतं. सगळे कसेबसे एकमेकांना चुकवून पार झाले, आणि बायको आत शिरली तेव्हा समोरून येत होत्या शंकाकाकू. दोन्ही हातांत भाजीच्या टम्म पिशव्या. काकू पहाटेच पलीकडचा भाजीबाजार धुंडाळून आल्या होत्या.

दोघी बोळाच्या ऐन मध्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. पिशव्यांसकट काकू म्हणजे ती वाट बंदच.

शंकाकाकू कधी मागं हटल्याचं सोसायटीत कोणी बघितलेलं नव्हतं. नळाच्या रांगेत नाही, लिफ्टच्या दारात नाही, वादात तर नाहीच नाही. एकदा एक अख्खी बस त्यांनी मागं घ्यायला लावली होती.

"काकू, मी जाऊ का मागं?" बायको म्हणाली. "तुमच्या हातात ओझं आहे."

काकूंनी तिच्याकडं बघितलं. इस्त्रीची साडी, नवी पिशवी, घड्याळाकडं गेलेले डोळे. पलीकडं शाळेच्या आवारात पोरांचा गलबला चालू होता.

"तू कशाला मागं?" काकू म्हणाल्या. "तुझा कामाचा पहिला दिवस ना? चल, ये माझ्यामागं. म्हणजे माझ्यापुढं. जशी येशील तशी ये!"

आणि काकू उलट्या चालू लागल्या. दोन टम्म पिशव्या, मान वळवून, ठेचकाळत, भिंतीला कोपरं घासत, उरलेला अर्धा बोळ उलट्या. मागून येणाऱ्यांवर ओरडत, "सरका! मागं व्हा! आमच्या बाईला उशीर होतोय!" त्यांच्यामागचे सगळे एकामागून एक उलटे चालू लागले, आणि ती अख्खी मिरवणूक पलीकडच्या भगदाडातून मागच्या मागं बाहेर पडली. बायको उजेडात आली, एकदा वळून हात हलवला, आणि धावत शाळेच्या फाटकातून आत गेली.

चेअरमन भगदाडात हात जोडून उभे होते. कोणाला जोडलेत ते त्यांनाही कळत नव्हतं.

तेवढ्यात बोळाच्या त्या टोकाकडून काकूंचा आवाज आला. "अहो चेअरमन! फारच अरुंद आहे हो हा रस्ता! तुम्ही सगळे झोपलात काय? भिंती मागं घ्यायला सांगा त्या बाईंना! दोन्ही!"

चेअरमननी गॅलरीकडं न बघता, छाती भरून श्वास घेतला.

"हात्तिच्या! एवढंच ना?" ते म्हणाले.

लेकीनं दोन्ही हात डोक्याला लावले आणि ती धरणकाकांना हाक मारायला पळाली.